उणे ऐंशीला ठेवलेली माय

मी एम.एस्सी.साठी संभाजीनगरला निघाले त्या सकाळी मायनं माझ्या डोक्यातले चार केस उपटून घेतले. विचारलं नाही, सांगितलं नाही. परळीला जाणारी रिक्षा फाट्यावर उभी होती, आप्पांनी माझी पत्र्याची पेटी आत सरकवली होती, आणि मी वाकून पाया पडले तसा मायनं माझ्या कानामागं हात घातला आणि एकच हिसका दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रिक्षातल्या बायकांना वाटलं, पोरगी घर सोडताना रडायली.

"कावून उपटलेस माय?" मी विचारलं.

"असू दे. मागं कायतरी लागतं," एवढंच ती म्हणाली आणि केस पदराच्या गाठीत बांधून माघारी वळली.

आम्ही मेंढरंवाले. धर्मापुरीपासून पायी पाऊण तासावर आमची सात घरांची वस्ती आहे. आमच्यात मेंढी विकली, की ती दाराबाहेर पडायच्या आधी तिच्या पाठीवरची चिमूटभर लोकर उपटतात आणि छपराच्या वाशाला खोचून ठेवतात. मेंढी जाते, तिची बरकत मागं राहते. या रिवाजाची दुसरी बाजूही आहे. जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्याच्या अंगावरचं काही सोबत नेऊ नये. विकलेल्या मेंढीच्या अंगाला कळपातल्या दुसरीची लोकर चिकटलेली दिसली, तर आप्पा गिऱ्हाइकाला हाक मारून थांबवतात आणि ती वेचून घेतात. नाहीतर मागची झुरते म्हणतात. मला हे लहानपणापासून पाठ होतं. पाठ असूनही मी जे केलं ते आज लिहून काढते आहे, कारण कोमलनं विचारलंय.

कोमल माझी चुलत बहीण, मायला ती मोठीमाय म्हणते. अंबाजोगाईला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं तर पुढं काय करता येतं गं?" मी तिला माहितीपत्रकात छापतात ते सगळं सांगितलं. दवाखान्यांच्या लॅब, औषधांच्या कंपन्या, अन्नतपासणी, नेट-सेट देऊन प्राध्यापकी, पीएच.डी., परदेश. ती खूश झाली. फोन ठेवल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. दुकानदार फाटका कपडा घडी घालून दाखवतो, तसं मी केलं होतं.

तर कोमल, आता घडी उलगडते. आणि वस्तीतून निघून पुण्याला, सुरतेला, दुबईला गेलेल्या बाकीच्यांनीही हे वाचावं. तुमच्यातल्या कुणाच्या सामानात मागच्या कुणाचं काही आलं असेल, तर बघून घ्या.

बायोकेमिस्ट्री म्हणजे काय, हे मला वस्तीत कधीच नीट सांगता आलं नाही. जिवंत अंगात जी रसायनं घडतात-मोडतात त्यांचा हिशोब, असं मी सांगायचे. आप्पा म्हणायचे, "म्हंजे डाक्टर न्हाई." न्हाई, डाक्टर न्हाई. "मंग कंपौंडर?" तेही नाही. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, की त्यांची लेक रगत वाचते. कुणी विचारलं तर तसंच सांगायचे, आणि खरं तर माहितीपत्रकापेक्षा ते बरोबर होतं.

माझ्या वर्गात चोवीस जण होतो. केजचा एक मित्र आज तिथंच रक्त-लघवी गोळा करायचं केंद्र चालवतो आणि सुखात आहे. एक जण माजलगावकडं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर मोजतो, हंगाम संपला की मोकळा. दोघी शिकवतात. चारपाच जण औषध कंपन्यांत गोळी किती वेळात विरघळते ते घड्याळ लावून बघतात. तुला वाटतं तसं पांढरा कोट घालून नवं काही शोधणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बाकी काम म्हणजे नोंदी. काय आलं, कधी आलं, कुठं ठेवलं, किती गार ठेवलं. या विद्येचा अर्धा भाग वस्तू जपून ठेवण्याचाच आहे, आणि माझं सगळं त्या अर्ध्यातच अडकलं.

दुसऱ्या वर्षाला प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला, दिवसभर उन्हात मेंढरांमागं फिरणाऱ्या बायकांच्या अंगात ड जीवनसत्त्व किती असतं. आमच्या मॅडमना तो फार आवडला. समितीची परवानगी मिळाली. चाळीस बायकांचं रक्त लागणार होतं आणि चाळीस बायका मला फक्त एकाच ठिकाणी मिळणार होत्या.

त्या फेब्रुवारीत मी रक्त काढणाऱ्या नर्सबाईला आणि बर्फाच्या पेटीला घेऊन वस्तीवर आले. आमच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका जमल्या, पण लिंबाखाली नुसत्या बसून राहिल्या. सुई बघून कुणी पुढं होईना. तेव्हा माय उठली आणि डावा हात पुढं करून खाटेवर बसली. तिनं दिलं म्हणून बाकीच्यांनी दिलं. मी तिला संमतीचा कागद वाचून दाखवला, तोही आपल्या बोलीत. तुमचं नाव कुठं येणार नाही. तुम्हाला वाटलं तर कधीही माघार घेता येईल, कारण सांगावं लागणार नाही. तिनं अंगठा उठवला आणि नळीत भरत जाणाऱ्या रक्ताकडं बघत राहिली.

"हे परत कवा देणार?"

"परत देत न्हाईत माय. काम झाल्यावर टाकून देत्यात."

"टाकू नको. काम झालं की आण हितं. मातीत घालू." थोडं थांबून ती हळू म्हणाली, "जाणाऱ्यानं न्यायचं नसतं बाई. पर तुझ्या शिक्षणाचं हाय, ने."

मी आणीन म्हणाले. भरलेल्या बैठकीत लेक आईला दुसरं काय म्हणणार? त्या वेळी मला पेटीतला बर्फ संभाजीनगरपर्यंत टिकतो का, याचीच काळजी होती.

रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी उरतं त्याला सीरम म्हणतात. तपासायचं ते हेच. प्रत्येक बाईचं सीरम मी दोन-दोन नळ्यांत भरलं, म्हणजे एक खराब झाली तर दुसरी हाताशी राहते. नळ्या करंगळीच्या पेराएवढ्या असतात. त्यांवर नाव घालायचं नाही, फक्त आकडा. एकोणचाळीस बायकांना मी आकडे दिले. मायला आकडा देताना माझा हात अडला. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, ओळखतात. मोजलं की कमी होतात, असं मानतात. मी एक नंबर घातला खरा, पण तिच्या दोन्ही नळ्यांच्या टोपणांवर शाईनं दोन तिरप्या रेघा ओढल्या. आमच्या कळपाच्या मेंढरांच्या उजव्या कानाला दोन तिरप्या चिरा असतात, ती खूण. कळप दुसऱ्या कळपात मिसळला तरी आपलं जनावर त्या खुणेवरून कळतं. मग सगळ्या नळ्या मी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या.

उणे ऐंशी म्हणजे काय, हे आपल्या बीडच्या माणसाला कसं सांगावं? हातमोजा न घालता आतल्या रॅकला बोट लावलं तर कातडी तिथंच राहते. तिथं काही कुजत नाही, बदलत नाही, मरत नाही. आज ठेवलेलं वीस वर्षांनी काढलं तरी आजचंच असतं.

मार्चअखेर आप्पांचा फोन आला. मायला थंडी वाजते म्हणे. ताप नाही, खोकला नाही, नुसती थंडी. परळीला दाखवलं, अंबाजोगाईला दाखवलं. मी सगळ्या तपासण्या करायला लावल्या आणि अहवाल स्वतः वाचले. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक. रगत वाचणाऱ्या लेकीला आईच्या रक्तात काही सापडेना. परीक्षा संपवून मी मे महिन्यात घरी गेले तेव्हा परळीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि माय अंगणात जाड घोंगडं पांघरून बसली होती.

ती दिसायला चांगली होती. जेवत होती, भाकरी थापत होती. पण मेंढरांचं वागणं मला बघवेना. उन्हाळ्यात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसून उभी राहतात, सावलीसाठी. त्या वर्षी ती तसं करत नव्हती. ती मायभोवती येऊन बसत. लिंबाची गर्द सावली मोकळी पडलेली, आणि वीस-पंचवीस मेंढरं उन्हात तिच्या अंगाला नाकं लावून डोळे मिटून पडलेली. पाण्याच्या रांजणाला टेकावं तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"माझं ते हाय का गं अजून तितं?" तिनं विचारलं.

"हाय."

"लई गार असंल."

एवढं बोलून ती उठली आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेली. तिनं मला दोष दिला नाही. पुढंही कधी दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मी योगायोगावर विश्वास ठेवणारी बाई आहे. आमच्या विषयात पहिली गोष्ट हीच शिकवतात, की दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळं दुसरी घडली असं नाही. निकाल लागल्यावर मॅडमनी मला विभागातच प्रकल्प सहायक म्हणून ठेवून घेतलं आणि फ्रीझरची वही माझ्याकडं आली. रोज दोनदा तापमान बघायचं, लिहायचं, सही करायची. एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही. आम्ही धावाधाव करून कोरडा बर्फ आणला, पण तोवर काटा उणे तीसपर्यंत आला होता. त्या गडबडीतच मायचा फोन. "काम न्हाई काही. आज जरा बरं वाटायलंय, घोंगडं काढलं, म्हणून केला." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि वहीत वेळ लिहायला घेतली, तेव्हा कुठं उणे तीसचा आकडा परत वाचला.

आता कोमल, तू सातवीत असतानाची एक दुपार आठव. मी तुला फोन करून म्हटलं होतं, की दीड वाजल्यापासून मोठीमायकडं नुसतं बघत बस, दर पाच मिनिटांनी काय दिसतं ते लिही, आणि कारण विचारू नको. तुला वाटलं, ताईचा काहीतरी अभ्यास आहे. तू लिहिलेल्या कागदाचा फोटो माझ्याकडं अजून आहे. तुझंच अक्षर, जसंच्या तसं: "दीड. मोठीमाय अंगणात. मेंढरं चिकटलेली. एक चाळीस. घोंगडं काढलं. एक पंचेचाळीस. मेंढरं उठून लिंबाखाली गेली, सगळी. मोठीमाय हसली. एक पंचावन्न. परत घोंगडं. मेंढरं परत आली."

एक पस्तीसला मी दोन तिरप्या रेघांच्या दोन्ही नळ्या फ्रीझरमधून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. एक पन्नासला परत आत ठेवल्या. मधल्या वेळात त्यांच्यावरचं हिव विरघळलं आणि टेबलावर पाण्याचे दोन बारीक ठिपके उरले. ते मी रुमालानं पुसले, तो रुमाल कितीतरी दिवस धुतला नाही.

आमच्या विषयात कुठलंही मोजमाप तीनदा करतात. एकदा आलेलं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. मी ते तीनदा केलं नाही. परत काढल्या-ठेवल्यानं नमुना खराब होतो, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण हे, की तीनदा तेच आलं असतं तर मला ते मान्य करावं लागलं असतं.

मग मी जे केलं ते सगळे शिकलेले लोक करतात. मी तिथून निघून गेले. हैदराबादला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. भलामोठा कारखाना, काचेच्या खोल्या, डोक्याला जाळी, पायांना पिशव्या. कामाच्या हिंदीला तेलुगूची फोडणी, डब्यात गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी. तिथं मी चार वर्षं होते. माघार घेता येते, कारण सांगावं लागत नाही, हा कागद मीच वाचून दाखवला होता. एक अंगठा आणि एक अर्ज, एवढंच काम होतं. पण मॅडमसमोर जाऊन म्हणायचं काय? सुवर्णपदकाची विद्यार्थिनी, आईला थंडी वाजते म्हणून नमुना परत मागते? त्यांची शिफारस मला पुढं पीएच.डी.ला लागणार होती. चार उन्हाळे माय घोंगडं पांघरून बसली आणि चार उन्हाळे मी फोनवर तिला गरम पाणी पी म्हणून सांगितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात हलकी गोष्ट हीच, आणि ती भीतीनं नाही, अब्रूपायी केली.

पाचव्या वर्षी मी एप्रिलमध्ये घरी आले. दुपारचं जेवण चाललं होतं. मायनं माझ्या ताटात वरण वाढलं. तिच्या हातातल्या पळीतून वाफेचं वरण पडलं आणि ताटात पोचेपर्यंत त्यावर तुपाची साय धरली होती. आप्पांनी ते पाहिलं आणि ताटात नजर घातली. मला कळलं, की त्यांना हे सगळं माहीत आहे आणि मी काही करीन म्हणून ते चार वर्षं वाट बघतायत.

संध्याकाळच्या आत मी मायचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं अर्धा तास हवापाण्याचं बोलले आणि मग कागद पुढं सरकवला. मॅडमनी वाचला. हसल्या नाहीत. "माघार घेणाऱ्याला आपण कारण विचारत नाही," म्हणाल्या. "नष्ट करायचं की परत न्यायचंय?"

"परत."

"मग वहीत तसं लिही. परत दिलं म्हणून इथं आजवर कुणी लिहिलेलं नाही." एवढंच. दहा मिनिटांत झालं. जी दहा मिनिटं मी चार वर्षं टाळत होते ती अशी संपली, आणि मला रडू आवरेना. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला आणि मग म्हणाल्या, "एकच नळी मिळेल बरं का. दुसरा संच दोन वर्षांपूर्वी जर्मनीच्या लॅबला दिला, तुलनेसाठी. सगळेच चाळीस."

एक नळी घेऊन मी घरी आले. वाटेत परळीलाच ती वितळली होती. मायनं चुलीमागची माती उकरली, मी टोपण काढून ते चमचाभर पिवळं पाणी तिथं ओतलं, आणि तिनं तळहातानं माती सारखी केली. नळ्या दोन होत्या, हे मी तिला सांगितलं नाही. आप्पांनाही नाही. मला वाटलं, एवढ्यानं झालं तर झालं.

सकाळी ती घोंगडं घेऊन माझ्या खाटेपाशी आली. घोंगडं एकाच खांद्यावर होतं.

"उजवं अंग ऊन झालं," ती म्हणाली. "डावं न्हाई. तू निम्मंच आणलंस व्हय?"

त्या दुपारी ती अंगणात बसली तेव्हा मेंढरं आली. सगळी डाव्या बाजूला बसली, एकमेकींवर रेलून, जागा नव्हती तरी. उजव्या बाजूला एकही नाही.

तर कोमल, मी जर्मनीला कशासाठी आले हे आता तुला कळलं. वस्तीत म्हणतात, पोरीनं नाव काढलं. मला तीन ठिकाणी पीएच.डी. मिळत होती. त्यातली दोन याहून मोठी होती. मी ही लॅब निवडली, कारण मायचं डावं अंग इथं आहे.

हे गाव लहान आणि नीटनेटकं आहे. नोव्हेंबरात चार वाजता अंधारतं. दुकानात ज्वारीचं पीठ मिळत नाही, अमेझॉनवर मागवते, भाकरी तव्यावर चिरते. सुपरवायझर भला माणूस आहे, दर मंगळवारी केक आणतो. पहिल्याच आठवड्यात मी तळघरातल्या फ्रीझरांची जबाबदारी मागून घेतली. कुणालाच ती नको असते, त्यामुळं लगेच मिळाली. अकरा फ्रीझर, प्रत्येकात शेकडो डबे. नोंदीत आमचा संच होता, पण डबे मध्येच कधीतरी हलवले होते आणि जुन्या आकड्यांवर नवे चिकटवले होते. मला शोधायला सहा आठवडे लागले. सातव्या फ्रीझरच्या खालच्या खणात एक डबा उघडला आणि हिवाखाली, शंभर टोपणांच्या मध्ये, एकावर दोन तिरप्या रेघा. दुसऱ्याच्या कळपात आपली मेंढी दिसावी तशी. तिथं उकिडवी बसून मी मोठ्यानं "माय" म्हणाले. तळघरात कुणी नव्हतं. फ्रीझरची मोटार तेवढी थांबली आणि परत सुरू झाली.

मी रीतसर अर्ज पाठवला. इथं तो तीन दिवसांत मंजूर होतो. पण इथला नियम वेगळा आहे. माणसाच्या अंगातलं काही बाहेर न्यायचं नाही, मातीत घालायचं नाही, विमानातून न्यायला परवानगी नाही. मागं घेतलेला नमुना भट्टीत जाळतात आणि जाळल्याचा दाखला देतात. मी चोरून न्यायचाही विचार केला, लपवत नाही. इमारतीमागं एक अक्रोडाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी ओतायचाही केला. पण एकदा मायला न विचारता नेलं होतं, म्हणजे विचारल्यासारखं करून नेलं होतं. या वेळी खरंच विचारायचं ठरवलं.

दुपारचा फोन होता. मागं मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"माय, तुझी दुसरी नळी सापडली. पर हितून आणता येत न्हाई. हितल्याच मातीत घालू का?"

"नको गं. तिथली माती मला काय वळखती?"

"मंग जाळावं लागंल. भट्टीत जाळत्यात हितं."

पलीकडं तिनं एका मेंढीला हाकललं.

"जाळत्यात?"

"व्हय."

"मंग मी जित्ती हाय तवर नको," माय म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ नको म्हणावं तशी. "निम्म्या अंगाला आग लावून उरलेल्या निम्म्यानं मी सैपाक करू का? राहू दे तितंच. मी गेल्यावर तुझे आप्पा हितलं जाळतील, तू तितलं जाळ. एकाच दिशी जाळा."

"आणि थंडी, माय?"

"थंडीची सवय झाली. तू फक्त ध्यान ठिव. बंद पडू देऊ नको ते कपाट. ते नासलं तर माझं निम्मं अंग नासंल."

मी अर्ज मागं घेतला. इथल्या अर्ज बघणाऱ्या बाई गोंधळल्या, पण त्यांनीही कारण विचारलं नाही. मग मी मायला विचारलं, माझे ते चार केस कुठं आहेत? "हायत की वाशाला. मेंढीच्या लोकरीशेजारी. पावसाळ्यात कोमल एकदा काढून पुसती आणि परत खोचती." म्हणजे कोमल, माझंही काही तुझ्या हातात आहे, आणि मला ते माहीत नव्हतं.

आता तुझा प्रश्न. बायोकेमिस्ट्री घे. विद्या चांगली आहे, तुझी नजर त्याला बरोबर आहे. सातवीतल्या त्या कागदाएवढी स्वच्छ नोंद मी इथल्या पीएच.डी.वाल्यांकडूनही पाहिलेली नाही. नोकरी मिळेल, केजला नाहीतर हैदराबादला, नाहीतर इथं. निघताना मोठीमाय तुझेही केस उपटेल, उपटू दे. तू मात्र कुणाचं काही घेऊन येऊ नकोस. प्रकल्पाला विषय दुसरा निवड. झाडपाला घे, माती घे, उसाचा रस घे.

माझी पीएच.डी. या वर्षी संपते. पुण्याहून एका संस्थेचं बोलावणं आलंय, तिथून वस्ती एका दिवसावर. आप्पा म्हणाले, ये. मी नाही म्हणून कळवलं आणि इथंच तीन वर्षांसाठी राहिले. फ्रीझर सांभाळायचं काम दुसऱ्या कुणाकडं देऊन येता येत नाही. आप्पांना वाटतं, मला इथलं मानवलं. वाटू दे. घरी जायचं म्हणजे मायला इथं एकटी सोडून जायचं, हे त्यांना कसं सांगू?

रोज सकाळी मी तळघरात उतरते. सातव्याचा काटा बघते, वहीत उणे ऐंशी लिहिते, सही करते. मग वर येऊन फोन लावते. पूर्वी ती आज बरं वाटतंय, ऊन वाटतंय म्हणावी म्हणून मी नवस बोलले असते. आता ती फोन उचलेपर्यंत एकच भीती असते, की आज ती तसं म्हणाली तर?

"कशी हायस माय?"

"गार हाय गं," ती म्हणते.

एवढं ऐकलं की मी घरी पोचलेली असते.